बुडी सोपी, काठ अवघड

भिवंडीच्या महापालिकेच्या नावात दोन गावं आहेत: भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका. यंत्रमागांमुळे पहिल्याचं नाव देशभर झालं, दुसरं पाटीवरच राहिलं. निजामपुऱ्यातून समुद्र दिसत नाही. दिसते ती कामवारी नदी आणि पलीकडे खाडीपार. तरी समुद्राचा हात इथवर पोचतो. पावसाळ्यात नदी फुगली आणि नेमकं त्याच वेळी खाडीला उधाण आलं, की पाणी उतरायचं नाव घेत नाही आणि काठच्या वस्तीत शिरतं. एरवी भरतीची वेळ कुणी विचारत नाही. जुलैत मात्र ती सगळ्यांच्या तोंडी असते.

हिवाळ्यात याच भागातली तरुण मंडळी पाचशेएक किलोमीटर गाडी हाकत मालवणला जातात आणि पाठीला सिलिंडर बांधून समुद्रात बुडी मारतात. डिसेंबरात मालवणच्या जेट्टीबाहेर एमएच-०४ची पाटी शोधायला फार फिरावं लागत नाही. परतल्यावर माशांबरोबरचा व्हिडिओ मोबाइलवर फिरतो आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच असतो: किती खोल गेला होतास?

प्रश्न चुकीचा आहे. विचारायला हवं, पाण्यात शिरलास कसा आणि बाहेर आलास कसा? कारण बुडीतली बरीचशी फजिती आणि बहुतेक धोका खोलात नसतो, काठावर असतो. त्याच काठाच्या या काही गमतीजमती. काही गमती जरा खाऱ्या आहेत.

भिवंडी ते मालवण, व्हाया १६५७

आधी इतिहासातली वाट. १६५७च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत मराठ्यांची गलबतं बांधायला सुरुवात झाली. आरमार वाढलं, त्याला भक्कम ठाणं हवं झालं, म्हणून १६६४ला मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. तीन वर्षांत, १६६७ला, किल्ला उभा राहिला. म्हणजे आज निजामपुऱ्याचा पोरगा सिंधुदुर्गाजवळ पाण्यात उतरतो, तेव्हा तो साडेतीनशे वर्षांपूर्वी भिवंडीच्या गलबतांनी घेतलेल्याच दिशेने आलेला असतो. गलबतं मात्र बुडू नयेत म्हणून धडपडत होती.

किनाऱ्यावरून चालत का जात नाहीत?

बुडीला जायच्या वाटा दोन. एक, होडीतून जागेवर जायचं आणि कडेवरून पाण्यात पडायचं. दुसरी, सगळं सामान अंगावर चढवून किनाऱ्यावरून चालत शिरायचं. या दुसऱ्या प्रकाराला शोअर डायव्हिंग म्हणतात. कॅरिबियन समुद्रातलं बोनेर बेट ही त्याची पंढरी. तिथे रस्त्याच्या कडेला पिवळे रंगवलेले दगड असतात, दगडावर जागेचं नाव. गाडी लावा, सिलिंडर उचला, उतरा. होडी नको, नावाडी नको.

यात एक मेख आहे. हे पिवळे दगड मुख्यतः बेटाच्या पश्चिमेला, वाऱ्याच्या आडोशाला आहेत. पूर्वेची बाजू वाऱ्यावर उघडी, तिथे लाटा थेट येऊन आदळतात. जाणत्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय तिकडे उतरणं शहाणपणाचं मानत नाहीत.

आपला कोकण किनारा सगळाच उघडी बाजू. समोर अरबी समुद्र, आणि सरळ पश्चिमेला अरबस्तानापर्यंत वाऱ्याला आडवं यायला काही नाही. वारा जितक्या लांबून पाण्यावर घासत येतो तितकी लाट मोठी होते. म्हणून मालवण-तारकर्लीला तुम्हाला पुळणीवरून चालत नेत नाहीत. होडीत बसवतात आणि खडकांच्या, किल्ल्याच्या आडोशाला नेऊन उतरवतात.

लाट कुठे फुटते, हे तिने आधीच ठरवलेलं असतं

सगळ्या किनाऱ्यांवर चालणारा एक हिशेब. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली, की लाट उभी राहू शकत नाही, फुटते. मीटरभर उंचीची लाट साधारण छातीइतकं पाणी असतं तिथे फुटणार. पाठीवर सिलिंडर, डोळ्यांवर मास्क, हातात फिन्स घेऊन माणूस सर्वांत अडखळत असतो तोही नेमका याच जागी.

आता वजनाचं बघू. नेहमीचं ॲल्युमिनियमचं सिलिंडर रिकामंच १४ किलोच्या आसपास. वर जॅकेट, तोंडात धरून श्वास घ्यायचा रेग्युलेटर, कमरेला शिसं. सगळं धरून २०-२५ किलो. पाण्याखाली हे काहीच वाटत नाही, पण गुडघाभर पाण्यात ते सगळं तुमच्या पाठीवर असतं. आणि समोरून येणाऱ्या समुद्राच्या एका घनमीटर पाण्याचं वजन हजार किलोपेक्षा जास्त. शिवाय लाटेची उंची दुप्पट झाली तर तिची ताकद दुप्पट होत नाही, चौपट होते. अर्ध्या मीटरच्या लाटेत हसत उभा राहणारा माणूस एक मीटरच्या लाटेत बसतो, तो त्यामुळेच.

म्हणून जगभरातले जाणते लोक किनाऱ्यावर पोचल्या पोचल्या काहीच करत नाहीत. सामान गाडीतच ठेवतात आणि पंधरा-वीस मिनिटं समुद्राकडे बघत उभे राहतात. लाटा टोळीने येतात. चार-पाच मोठ्या, मग थोडी उसंत, मग पुन्हा मोठ्या. ही उसंत कधी येते आणि किती टिकते हे कळलं, की मग वेटसूट. सातवी लाट सर्वांत मोठी असते ही समजूत अनेक देशांत आहे. लाटांना सातचा पाढा येत नाही, पण समजुतीतला अर्धा भाग खरा: मोठ्या लाटा एकेकट्या येत नाहीत.

समुद्राची बातमी हैदराबादहून

भारताच्या समुद्रात उद्या लाटा किती उंच असतील हे सांगणारी सरकारी संस्था कुठे असावी? मुंबई? कोची? ती आहे हैदराबादला, जवळच्या समुद्रापासून कित्येक तास लांब. नाव इन्कॉइस, स्थापना १९९९. मच्छीमारांना ती लाटांचा, वाऱ्याचा, उधाणाचा इशारा देते आणि तो फुकट मिळतो.

तिचा अंदाज वाचताना एक खुबी माहीत हवी. ‘लाटेची उंची दोन मीटर’ असं लिहिलेलं असतं, ते सर्वांत मोठ्या लाटेबद्दल नसतं. उंचीने वरच्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. दिवसभरात एखादी लाट त्याच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. ती येते तेव्हा कुणीतरी खडकावर पाठमोरं उभं राहून फोटो काढून घेत असतं.

दुसरी खुबी आणखी फसवी. तुमच्याकडे वारा नाही, आकाश निळं, आणि तरी किनाऱ्यावर मोठ्या लाटा. त्या इथल्या वाऱ्याच्या नसतातच. हजारो किलोमीटर दक्षिणेला, हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाला झालेल्या वादळातून त्या निघालेल्या असतात आणि काही दिवसांनी आपल्या दारात येतात. होडीत बसून त्या जाणवतही नाहीत, कारण दोन लाटांमधलं अंतर लांब असतं. किनारा लागला, की त्या उंच होतात. पुन्हा तेच, काठ.

तिथीची पाऊणकी

ॲप नव्हते तेव्हा कोकणातला माणूस भरतीची वेळ कॅलेंडरवरून काढायचा आणि अजून काढतो. तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी: चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटेही. अष्टमी: आठ पाऊणे सहा. हा ठोकताळा आहे. मालवणला आणि मुंबईला थोडा फरक पडतो, आणि भिवंडीच्या खाडीत पाणी आतपर्यंत चढायला आणखी वेळ घेतं. तरी बिनबॅटरीच्या साधनाचा नेम इतका बरा असेल असं वाटत नाही.

यामागे चंद्र आहे. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे भरती रोज पाऊण तासापेक्षा थोडी जास्त उशिरा येते. पाऊणकी आली ती इथून.

बुडी मारणाऱ्याच्या कामाची गोष्ट मात्र वेगळी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि तेवढंच जोरात वाहतं. गाळही ढवळून निघतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाण्याची ये-जा कमी. प्रवाह नरम, गाळ खाली बसलेला. सुट्टी टाकताना लोक शनिवार-रविवार बघतात, मी म्हणेन आधी तिथी बघा. संकष्टी झाली, की चार दिवसांनी अष्टमी, आठवायला सोपं.

सकाळचा वारा, दुपारचा वारा

मालवणात बुडीसाठी सकाळी लवकर या म्हणतात, ते दुपारी माशांना झोप लागते म्हणून नव्हे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर गार होते आणि वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. हे मतलई वारे. पहाटे ते लाटांच्या तोंडावर वाहतात आणि किनारा गुळगुळीत होतो. ऊन चढलं, की उलटं. खारा वारा समुद्राकडून येतो आणि दुपारनंतर पाण्यावर ठेचाळणाऱ्या लाटा उठतात. शाळेत दोन गुणांसाठी पाठ केलेला धडा इतक्या उपयोगाचा निघेल असं कुणाला वाटलं होतं?

मोसम त्याहून मोठा. मेच्या अखेरीस जलक्रीडा बंद होतात, १ जूनपासून यांत्रिक मासेमारीला बंदी लागते, ती ३१ जुलैपर्यंत. या दिवसांत अरबी समुद्रात चार-पाच मीटरच्या लाटा नेहमीच्या. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मग होड्या ढकलायची रीत याच हिशेबातून आली. बुडीला खरा चांगला काळ त्याच्याही पुढे, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. कारण पाऊस थांबला तरी कर्ली, गड या नद्या समुद्रात गढूळ पाणी ओततच असतात. ते निवळायला वेळ लागतो.

उथळ पाणी जास्त खट्याळ

आता सगळ्यात उलटी गोष्ट. पाण्याचा दाब दर दहा मीटरला एक वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक, दहा मीटरवर दोन, वीसवर तीन, तीसवर चार. म्हणजे पृष्ठभागापासून दहा मीटरला जाताना दाब दुप्पट होतो, पण वीसहून तीसला जाताना फक्त तिसऱ्या हिश्श्याने वाढतो. शरीरातल्या हवेला सर्वांत मोठा धक्का पहिल्या दहा मीटरांतच बसतो. कान दुखायला लागतात ते दीड-दोन मीटरवर. म्हणून नाक दाबून हळूच फुंकर मारायची, आणि ती दुखायच्या आधी, दुखल्यावर नव्हे.

बुडीतला पहिला आणि सर्वांत मोठा नियम आहे: श्वास रोखू नका. पोहणाऱ्याला हे विचित्र वाटतं. आपण तर लहानपणापासून पाण्यात दम धरायला शिकलेलो. पण दाबाखालची हवा छातीत भरून, दम धरून वर आलात, तर ती हवा फुगते. फुप्फुस फाटायला सव्वा मीटरइतकी खोलीसुद्धा पुरते. शाळेच्या बाकावर उभा राहिलेला मुलगा जितका उंच, तेवढीदेखील नाही.

त्यात काठाची गंमत अशी, की लाटेखाली उभं असताना ही खोली स्वतःच बदलत राहते. तुम्ही जागचे हलला नाहीत, तरी वरून दीड मीटरची लाट गेली, की दाब वर-खाली होतो. किल्ल्याजवळच्या शांत पाण्यात हा त्रास जवळजवळ नसतो. उघड्या किनाऱ्यावर असतो.

अंगठा दाखवू नका

भिवंडीच्या मागकामगाराला बुडी शिकायला एक फायदा आहे. माग चालू असताना बोललेलं ऐकू येत नाही, तेव्हा तो खुणांनीच काम भागवतो. पाण्याखालीही तोच मामला. फक्त एक खूण विसरावी लागते. अंगठा वर केला तर पाण्याखाली त्याचा अर्थ ‘झकास’ होत नाही; ‘वर चला’ होतो. नवखा खूश होऊन अंगठा दाखवतो आणि प्रशिक्षक त्याला निमूटपणे वर घेऊन येतो. झकाससाठी अंगठा आणि तर्जनीचं गोल कडं करायचं. हाताचा पंजा पालथा करून डावी-उजवीकडे हलवला, की काहीतरी गडबड आहे, आणि मग कुठे गडबड आहे तिकडे बोट दाखवायचं. बहुतेक वेळा ते कानाकडे असतं.

पाण्यात आवाज हवेपेक्षा चौपटीहून जास्त वेगाने धावतो. दोन्ही कानांपर्यंत तो जवळजवळ एकदम पोचतो, त्यामुळे कुठून आला हे मेंदूला कळत नाही. होडीचं इंजिन ऐकू येतं, पण होडी डोक्यावर आहे की शंभर मीटर लांब, सांगता येत नाही. जेट स्की आणि बनाना बोट त्याच पाण्यात असताना ही काही फार मौजेची माहिती नाही. किनाऱ्यावरून आत जाणारे लोक म्हणून दोरीला बांधलेला भडक रंगाचा फुगा वर तरंगत ठेवतात.

हरिहरेश्वरची पाटी

महाराष्ट्रातला किनारा-सुरक्षेचा बहुधा सर्वांत जुना आणि सर्वांत मोडला जाणारा नियम देवळाचा आहे. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट डोंगर उतरून समुद्राच्या खडकांवरून जाते. ओहोटीला ती सुरेख असते. लाटांनी कोरलेले कातळ, त्यांत जाळीसारखी भोकं, बाजूला पाणी. भरतीला तीच वाट लाटांच्या ताब्यात जाते. म्हणून सूचना: भरतीच्या वेळी प्रदक्षिणा करू नये. माणसं वाहून गेल्याच्या बातम्या आल्या, पाटी रंगवली गेली, आणि तरी पाटीच्या पलीकडे कुणी ना कुणी असतंच.

उघड्या खडकाळ किनाऱ्यावर बुडी मारणाऱ्यांचा पहिला धडाही हाच: खडक आणि लाट यांच्या मध्ये सापडू नका. लाट तुम्हाला ढकलते त्याने इजा होत नाही. ती ज्यावर ढकलते त्याने होते. पाण्याखाली लाट मागे-पुढे ओढते तेव्हा तिच्याशी झगडायचं नाही. मागे नेते तेव्हा थांबायचं, पुढे नेते तेव्हा पाय मारायचे.

आपले खरे किनारी बुडे

कोकणात शोअर डायव्हिंग नाही असं म्हटलं, ते थोडं खोटं आहे. रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत खडकाळ टोकांवर शिनाणे काढणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत. सिलिंडर नाही, वेटसूट नाही. ओहोटी धरून खडकावरून उतरायचं, दम धरून खाली जायचं, खडकाला चिकटलेले शिंपले उपटायचे आणि पुढची लाट यायच्या आत वर यायचं. कालवं काढणाऱ्या बायका त्यांच्याच नात्यातल्या. त्या पाण्याखाली जात नाहीत, पण ओहोटी आणि लाट यांचं गणित त्यांच्याइतकं कुणाला येत नसेल.

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर असंच काम करणाऱ्या स्त्रियांना हेन्यो म्हणतात. त्यातल्या अनेक जणी साठी-सत्तरी ओलांडलेल्या. वर आल्यावर त्या शिट्टीसारखा आवाज करत श्वास सोडतात. २०१६ला युनेस्कोने त्यांची परंपरा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदवली. आमच्या शिनाणेवाल्यांना अजून बाजारात भावासाठी घासाघीस करावी लागते.

शिशाचा पट्टा आणि शिशाचा पाया

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. टक्केवारी क्षुल्लक वाटते, पण माणूस त्यामुळे समुद्रात जास्त तरंगतो आणि खाली जायला त्याला तलावापेक्षा दोनेक किलो जास्त शिसं कमरेला बांधावं लागतं. सिलिंडरमध्ये दोन हजार लिटरच्या वर हवा कोंबलेली असते आणि त्या हवेचंच वजन अडीच किलोच्या आसपास भरतं. बुडी संपत आली, की हवा कमी होते, सिलिंडर हलकं होतं आणि नवखा माणूस आपोआप वर तरंगायला लागतो.

सिंधुदुर्गाच्या पायाच्या दगडांतही शिसं ओतल्याचं सांगतात. तिथे कारण उलटं: लाटेने काही हलू नये. तीन किलोमीटरची नागमोडी तटबंदी समुद्राची मारझोड घेत उभी आहे आणि दरवाजा किनाऱ्याकडे, मुद्दाम लपवलेला. किल्ल्याभोवतीच्या खडकांचा चक्रव्यूह शत्रूच्या जहाजांसाठी सापळा होता. आज तोच बुडी मारणाऱ्यांचा आडोसा आहे आणि मासे-प्रवाळांचं घर. १९८७ला इथला २९ चौरस किलोमीटरचा समुद्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळावर पाय ठेवून फोटो काढणाऱ्यांना हे सांगितलं, तर ते आश्चर्याने खाली बघतात.

तारकर्ली, २४ मे २०२२

इथे थोडं थांबू. हंगाम संपायला मोजके दिवस उरले होते. बुडी आटोपून वीस पर्यटकांची होडी तारकर्लीच्या किनाऱ्याकडे परतत होती आणि किनारा जवळ आलेला असताना उलटली. दोघांचा जीव गेला. पाण्याखाली कुणालाही काही झालं नव्हतं. जे झालं ते परतीच्या वाटेवर, काठाशी.

म्हणजे होडीने गेलात म्हणून काठ टळत नाही. सिलिंडर उतरवलं, की लोक लाइफ जॅकेटही काढून ठेवतात, उकडतं म्हणून. ते पाय वाळूला लागेपर्यंत अंगावर ठेवावं. समुद्रात काही घडलं तर तटरक्षक दलाचा नंबर १५५४. मोबाइलमध्ये हॉटेलवाल्याच्या नंबरच्या आधी तो साठवून ठेवला तर बिघडत नाही.

पायाखाली कोण आहे?

उथळ वाळूत पाकट बसतं, अंगावर वाळू ओढून. त्याला कुणाशी वैर नसतं, पण त्याच्यावर पाय पडला तर शेपटीचा काटा बसतो. उपाय फुकट आहे: पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत चला. थरथर जाणवली, की ते स्वतःच निघून जातं. काटा बसलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंशांच्या, बुडवून ठेवतात. विष उष्णतेने नरम पडतं. आणि मग डॉक्टर. बर्फ लावू नये.

खडकावर धोका वेगळा. कालवांच्या कडा ब्लेडच्या, आणि त्यांनी कापलेलं लवकर भरत नाही. जाड तळाचे बूट घाला. ऑनलाइन मागवलेत तर बहुधा ते भिवंडीच्याच एखाद्या गोदामातून निघतील.

शांत दिसतं तिथे जाऊ नका

पुळणीवर सगळीकडे लाटा फुटताहेत आणि मध्येच एक गडद, सपाट पट्टा आहे. नवा माणूस तिथेच उतरतो. तो रिप करंट असू शकतो: किनाऱ्यावर साचलेलं पाणी परत समुद्रात जायची गल्ली. तिचा वेग ऑलिंपिकच्या पोहणाऱ्यालाही मागे टाकू शकतो. ती खाली ओढत नाही, लांब नेते. उलट दिशेने हात मारणारा दमतो आणि दमल्यावर बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहून गल्लीबाहेर पडायचं, मग वळायचं. अनुभवी लोक कधी कधी आत जायला मुद्दाम याच गल्लीतून जातात, फुकटची गाडी म्हणून. तुम्ही-आम्ही त्या फंदात पडू नये.

बाहेर येणं ही वेगळी परीक्षा

आत जाताना माणूस ताजा असतो. बाहेर येताना थकलेला, गारठलेला आणि फुशारलेला. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब काढून घेतं, म्हणून आपल्या कोमट समुद्रातही तासाभराने दात वाजू लागतात. म्हणून उघड्या किनाऱ्यावरची रीत: बाहेर पडायची जागा आधी बघायची, ती बिघडली तर दुसरी कुठली हेही ठरवायचं, मगच उतरायचं. हवा संपेपर्यंत खाली राहायचं नाही; लाटांबाहेर थांबून उसंतीची वाट बघण्यापुरती शिल्लक ठेवायची. येताना मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, अगदी वाळूवर पोचेपर्यंत. लाटेने पाडलंच तर उभं राहायचा हट्ट धरायचा नाही. गुडघे-हात टेकून रांगत यायचं. जगातले नामांकित लोक असेच रांगत येतात; त्याचे व्हिडिओ मात्र कुणी टाकत नाही.

आणि कुणीही, कुठल्याही क्षणी, ‘आज नको’ म्हणू शकतो. कारण विचारायचं नाही, चेष्टा करायची नाही, हा सगळ्या जगातल्या बुडीवाल्यांचा करार आहे. आपल्याकडे पैसे भरलेले असल्यामुळे तो पाळणं अवघड जातं. नीट शिकूनच करायचं असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे. पहिला परवाना मिळाला, की १८ मीटरपर्यंत जाता येतं.

आधी आंबोली, मग समुद्र

शेवटची गंमत जमिनीवरची. दाबाखाली श्वास घेताना शरीरात नायट्रोजन विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडतो. लगेच विमानात बसलात तर कमी दाबात त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका साध्या बुडीनंतर १२ तास आणि एकाहून जास्त बुड्या मारल्या असतील तर १८ तास विमान नको. चिपीचा विमानतळ मालवणपासून जवळ आहे म्हणून सकाळी बुडी, दुपारी विमान असा बेत आखणाऱ्यांनी हे वाचावं.

विमानच कशाला, घाटसुद्धा. तीनशे मीटरच्या वर गेलं, की बुडीवाल्यांच्या हिशेबात ती ‘उंची’ धरतात, आणि आंबोली त्याच्या दुपटीहून वर आहे. दोन-तीन दिवस खोल बुड्या मारून लगेच आंबोलीचा धबधबा गाठायचा कार्यक्रम त्यामुळे उलट क्रमाने आखावा: आधी घाट, मग समुद्र. कुडाळहून कोकण रेल्वेने ठाणे-भिवंडीकडे परतणाऱ्यांना ही काळजी नाही. ती गाडी डोंगर चढण्याऐवजी त्यांच्या पोटातून जाते.